विंटर हिलची वहिवाट

रस्त्याची केस समोर आली की अर्जदाराला मी पहिल्यांदा विचारायची, ही वाट पडली कशासाठी? पाण्यासाठी, गुरांसाठी, बाजारासाठी, की मसणवट्याकडे जायला? लोक म्हणायचे, ‘बाई, पहिल्यापासून आहे.’ एवढ्यावर काही ठरत नाही. कोणाचे पाय, डोक्यावर कसलं ओझं, कोणत्या महिन्यात, वाटेत कोणाचं घर, हे एकेक कळत गेलं की वाट कागदावर उभी राहते. रायगड जिल्ह्यात अव्वल कारकून ते तहसीलदार अशी माझी सगळी नोकरी झाली. मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ या जुन्या कायद्याखाली कितीतरी अडवलेल्या वाटा मी पायी पाहिल्या, पंचनामे केले, निकाल दिले.

मुलीकडे बोल्टनला येऊन राहायला लागल्यापासून मी अशीच एक जुनी केस मिळेल तिथून वाचते आहे. इंग्लंडातल्या लँकेशरमधली ही केस; निकाल १८९७ सालचा. वादी कापड शुभ्र करण्याच्या कारखान्याचा मालक. प्रतिवादींत एक पत्रकार आणि गावातले इतर काही जण. वादातली वाट एका ओल्या, उघड्या डोंगरावरून कोळशाच्या खाणींकडे जाणारी. वादी जिंकला. माझ्या मते तो निकाल न्यायाचा नव्हता, आणि मला तसं का वाटतं ते सांगण्यासाठी हा लेख लिहिते आहे.

डोंगराचं नाव विंटर हिल. उंची ४५६ मीटर, म्हणजे आपल्या हिशेबाने मोठी टेकडीच. पण बोल्टनच्या वायव्येला तो असा पसरला आहे की शहरातल्या बहुतेक रस्त्यांच्या टोकाशी दिसतो. माथ्यावर टीव्हीचा प्रचंड मनोरा आहे, रात्री त्याचे लाल दिवे दिसतात. अशा डोंगराला इथे मूर म्हणतात. झाड जवळजवळ नाही. वर हेदरची खुरटी झुडपं, आखूड गवत, उन्हाळ्याच्या सुरुवातीला कापसाच्या बोंडासारखे पांढरे तुरे येणारं पाणथळ गवत, आणि या सगळ्याखाली पीट. न कुजलेल्या शेवाळाचा आणि मुळांचा हजारो वर्षांत साठलेला हा काळा थर पाणी धरून ठेवतो. म्हणून चरातून वाहणारं पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं असतं. टिटवीची एक तुरेवाली बहीण इथे उन्हाळ्यात घरटं करते, चंडोल वर चढत चढत गातो. धुकं उतरलं की मात्र हा डोंगर निर्दय होतो. १९५८ च्या फेब्रुवारीत आयल ऑफ मॅनहून निघालेलं विमान इथे आपटलं, ३५ माणसं गेली.

माथ्यावर मनोऱ्याजवळ एक लोखंडी खांब आहे, लोक त्याला ‘स्कॉट्समन्स स्टंप’ म्हणतात. १८३८ च्या नोव्हेंबरात जॉर्ज हेंडरसन नावाचा तरुण स्कॉटिश फेरीवाला हॉर्विचहून ब्लॅकबर्नकडे डोंगरावरून जात होता. त्याला कोणीतरी गोळी घातली. एका तरुण खाणकामगारावर खटला चालला आणि तो निर्दोष सुटला. फिरायला येणारे या खांबाशी थांबतात, खुनाची गोष्ट ऐकतात आणि पुढे जातात. मी त्या खांबाकडे पुरावा म्हणून पाहते. १८३८ साली कामधंद्याचा माणूस, पाठीवर माल घेऊन, धुक्याच्या दिवशीसुद्धा हाच डोंगर ओलांडायचा. मृत्यूची नोंद ही वहिवाटीचीही नोंद असते, हे मला नोकरीत शिकायला मिळालं. सर्पदंशाने गेलेल्या माणसाच्या पंचनाम्यात ‘अमुक पायवाटेवर’ असं लिहिलेलं सापडतं, आणि चाळीस वर्षांनी त्या दोन शब्दांवर एखादी केस तरून जाते.

आता कोळसा. या डोंगरांच्या अंगात कोळशाचे थर आहेत, पण पातळ. ज्या खोल, प्रचंड खाणींनी लँकेशरचं नाव झालं, त्या दक्षिणेला सखल भागात. इथे वर मात्र डोंगराच्या उतारातून आत आडवे बोगदे खणून, किंवा थोड्या खोलीच्या विहिरी पाडून, चार-सहा माणसं कोळसा काढत. कोळशासोबत एक चिवट माती निघे, ती भट्टीत तापून फुटत नाही. तिच्या विटा, नळ, फरशा होत. हा माल डोंगरावर ठेवून कोणाचंच पोट भरत नव्हतं. तो खाली न्यायला गाडीरस्ता लागला, रस्ता कोरडा राहावा म्हणून कडेला चर खणावे लागले, वर दगड पसरावे लागले. बोल्टनच्या स्मिथिल्स भागातून विंटर हिलवर चढणाऱ्या रस्त्याचं नावच ‘कोल पिट रोड’ आहे. खाणी बंद पडून पिढ्या गेल्या, नाव टिकलं.

या रस्त्याने चालताना मला सगळ्यात जास्त काय आवडतं, तर त्याचा चढ. घोड्याला भरलेली गाडी उतरवताना आवरावी लागते, म्हणून वाट एकदम खाली जात नाही. बेताबेताने अंग चोरत उतरते. हौसेने डोंगर चढणारा माणूस सरळ माथ्याकडे जातो, ओझं वाहणारा असा तिरका जातो. वाट कोणी पाडली हे तिच्या उतारावरून ओळखता येतं. आपल्याकडे बैलांच्या तांड्यांच्या घाटवाटा आणि फक्त मोळीवाल्यांच्या वाटा अशाच वेगळ्या ओळखू येतात. मुलीला हे दाखवलं, तर ती म्हणाली, “आई, मी इतक्या वेळा आले, पण मला हा नुसता रस्ताच वाटला होता.” मग मी तिला कडेच्या चराशी खाली बसवून, पाण्याने उघडी पडलेली काळी खडी हातात दिली.

बोल्टन हे सुताचं शहर. सॅम्युअल क्रॉम्प्टनने १७७९ साली इथेच, हॉल इथ वुड या घरात, ‘म्यूल’ नावाचं सूतकताईचं यंत्र तयार केलं. त्यावर बारीक आणि मजबूत सूत निघू लागलं, आणि पुढची शंभर वर्षं बोल्टन तलम सुतासाठी जगभर ओळखलं गेलं. इथल्याच डॉब्सन अँड बार्लो या कारखान्यात बनलेली सूतकताईची यंत्रं मुंबईच्या गिरण्यांत आली. गिरणगावात ज्यांच्या आज्या-पणजोबांनी त्या यंत्रांवर पाळ्या केल्या, त्यांच्यापैकी कोणी हे वाचत असेल तर त्यांना सांगावंसं वाटतं, की ती यंत्रं घडवणारे हात रविवारी या डोंगराकडे बघायचे.

कापड विणून झालं की त्याचा मळकट रंग काढून ते पांढरं करावं लागतं. त्याला मऊ, स्वच्छ पाणी पाहिजे, आणि मूरवरून येणारं पाणी तसं असतं. डोंगरपायथ्याशी हॅलिवेल इथे ऐन्सवर्थ घराण्याचा हा धंदा होता. त्यात त्यांनी इतका पैसा केला की १८०१ साली स्मिथिल्स हॉल हा जुना वाडा आणि त्याचा जमीनजुमला विकत घेतला. विंटर हिलचा हा उतार त्यात आला. डोंगराच्या पाण्यावर घराणं वर आलं आणि मग डोंगराचंच मालक झालं.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात श्रीमंतांमध्ये ग्राउझची शिकार करण्याची मोठी आवड पसरली. ग्राउझ हा तित्तिराच्या जातीचा पक्षी, हेदर खाऊन राहतो. बारा ऑगस्टला शिकारीचा हंगाम उघडतो. पक्षी भरपूर हवेत, तर डोंगरावर वर्दळ नको. म्हणून मूरवर राखणदार नेमले गेले, फाटकं बसली, ‘प्रवेश बंद’चे फलक लागले. उत्तर इंग्लंडभर हेच झालं. ज्या वाटांनी कोळसा, चुना, मीठ, कापडाचे गठ्ठे गेले, त्या वाटा पक्ष्यांसाठी बंद होऊ लागल्या. १८९६ च्या उन्हाळ्यात कर्नल रिचर्ड हेन्री ऐन्सवर्थ यांनी कोल पिट रोडवर फाटक बसवून विंटर हिलची वाट अडवली.

आता त्या वेळचं बोल्टन डोळ्यांसमोर आणा. लाखाहून अधिक वस्ती, शेकडो धुराडी, गिरणीत सूत तुटू नये म्हणून मुद्दाम राखलेली दमट उष्णता. शनिवारी अर्धा दिवस सुटी, रविवार पूर्ण. अ‍ॅलन क्लार्क नावाचा लेखक याच शहरातला, गिरणीकामगारांचा मुलगा, लहानपणी स्वतः गिरणीत अर्धवेळ राबलेला. गिरणीच्या कामाने माणसाच्या शरीराचं आणि घराचं काय होतं यावर त्याने १८९९ मध्ये ‘द इफेक्ट्स ऑफ द फॅक्टरी सिस्टिम’ हे पुस्तक लिहिलं. त्या लोकांना रविवारी वर जाऊन छातीभर हवा घेणं ही चैन नव्हती. आठवडाभर श्वासात गेलेला कापूस खोकून टाकायला दुसरी जागाच नव्हती. आणि क्लार्कच्या पिढीला हेही माहीत होतं, की ज्या रस्त्यावर आता राखणदार उभा आहे, त्या रस्त्याने त्यांच्या आजोबांनी गाड्या हाकल्या आहेत.

सोशल डेमोक्रॅटिक फेडरेशन या समाजवादी संघटनेच्या स्थानिक शाखेने जाहीर केलं की रविवारी ६ सप्टेंबरला आपण विंटर हिलवर चालत जायचं. जोसेफ शफलबॉटम हा त्या शाखेचा कार्यकर्ता पुढे होता. सॉलोमन पार्टिंग्टन हा उदारमतवादी पत्रकारही सामील झाला. राजकारणात दोघांचं जमत नव्हतं, पण वाटेच्या प्रश्नावर ते एकत्र आले. निघाले तेव्हा माणसं थोडी होती. हॅलिवेल रोडने जाताना दोन्ही बाजूंच्या घरांतून माणसं उतरत गेली. फाटकाशी पोचेपर्यंत जमाव दहा हजारांचा झाला. लाखाच्या गावात दहा हजार, म्हणजे तान्ही मुलं आणि अंथरुणाला खिळलेली माणसं धरून दर दहांत एक. फाटकावर राखणदार होते, पोलीस होते. थोडी झटापट झाली, फाटक मोडलं, आणि सगळा लोंढा डोंगर ओलांडून पलीकडे बेलमॉन्ट गावात उतरला. तिथल्या ‘ब्लॅक डॉग’मधली बिअर त्या दिवशी संपली असं अजून सांगतात. पुढच्या रविवारी त्याहून जास्त लोक आले. अ‍ॅलन क्लार्कने मोर्चासाठी बोल्टनच्या बोलीत गाणं रचलं.

आज हॅलिवेल रोडला गुजराती, पाकिस्तानी दुकानं दिसतात. मी तिथूनच कोथिंबीर आणि तूरडाळ आणते. भाजीची पिशवी घेऊन त्या रस्त्याने परतताना दोन्ही बाजूंच्या लाल विटांच्या घरांकडे मी नेहमी बघते. यातल्या कुठल्या दारांतून त्या दिवशी माणसं बाहेर पडली असतील? बायका होत्या का, मुलं खांद्यावर होती का? मोर्चाच्या हकिकती बहुतेक पुरुषांच्या आहेत, पण गिरणीत बायका मोठ्या संख्येने होत्या. त्या रविवारी त्या घरी बसल्या असतील असं मला पटत नाही.

ऐन्सवर्थ यांनी फौजदारी भांडणात वेळ घालवला नाही. त्यांनी पुढाऱ्यांना दिवाणी नोटिसा पाठवल्या. त्यांचं म्हणणं, रस्ता खासगी आहे, लोक चालत होते ते मालकाच्या मेहेरबानीवर. मार्च १८९७ मध्ये सुनावणी झाली. म्हाताऱ्या माणसांनी साक्षी दिल्या, आम्ही लहानपणापासून इथून जातो. निकाल ऐन्सवर्थ यांच्या बाजूने लागला, लोकांना मनाई हुकूम झाला आणि खर्चाचा बोजा पार्टिंग्टन आणि त्याच्या सोबत्यांवर पडला. मोर्चे थांबले. दहा हजार माणसं फाटक मोडू शकली, पण कोर्टाचा खर्च सोसणं त्यांच्या ऐपतीबाहेरचं होतं.

कायदा त्या वेळी काय होता, हे समजून घेतलं पाहिजे. सार्वजनिक वाट सिद्ध करायची तर नुसतं चालणं दाखवून भागत नव्हतं. कधीतरी कुठल्यातरी मालकाने ती वाट लोकांना ‘अर्पण’ केली होती, असं अनुमान कोर्टाला काढता आलं पाहिजे. आणि चालणं हक्काने झालेलं हवं, परवानगीने नव्हे. औद्योगिक वाटेची मेख इथेच आहे. शेताच्या बांधावरून देवळाला जाणारी वाट लोकांची म्हणून दाखवणं तुलनेने सोपं. पण खाणीची वाट? मालक म्हणतो, खाण माझी, रस्ता माझ्या खर्चाने केलेला, गाड्या आल्या त्या माझ्या गिऱ्हाइकांच्या, मजूर आले ते माझ्या कामाला. म्हणजे ज्या श्रमांनी वाट पडली, ते श्रमच मजुराविरुद्ध पुरावा म्हणून उभे राहतात. तुम्ही इथून चाललात ते आमच्या कामासाठी, सबब हक्क नाही. हा युक्तिवाद मी माझ्या खुर्चीवर बसूनही ऐकला आहे. तो कागदावर बिनचूक दिसतो. पण कामावरून घरी येणारा माणूस, त्याला डबा नेऊन देणारी बायको, रविवारी त्याच वाटेने बोरं वेचायला गेलेली पोरं, ही सगळी माणसं मालकाची गिऱ्हाइकं नसतात. तीन पिढ्या एखादी वाट तुडवली गेल्यावर यातलं कोणतं पाऊल परवानगीचं आणि कोणतं हक्काचं, हे वेगळं काढणारी चाळणी अजून कोणी केलेली नाही. त्याचा भार मजुरावर टाकणं मला अन्यायाचं वाटतं.

कोळशाच्या वाटेने उलटही होऊ शकतं, हे विंटर हिलपासून जवळच दिसतं. उत्तरेला डार्वेन नावाचं गाव, त्याच्या डोक्यावर डार्वेन मूर. तिथल्या जमीनदाराने, रेव्हरंड डकवर्थ यांनी, १८७० च्या दशकापासून वाटा अडवायला सुरुवात केली, कारण तेच, शिकार. डोंगरावरच्या खाणींतून कोळसा पोचवणाऱ्या पाच जणांवर अतिक्रमणाचा ठपका आला. इथे गाव मागे हटलं नाही. भांडण वर्षानुवर्षं चाललं आणि १८९६ मध्ये वाटा मोकळ्या झाल्या. ज्या सप्टेंबरात बोल्टनकर फाटक मोडत होते, त्याच सप्टेंबरात डार्वेनकर वाजतगाजत आपल्या मूरवर चढत होते. १८९८ मध्ये राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाची आणि या विजयाची अशी दुहेरी आठवण म्हणून माथ्यावर ८५ फुटांचा दगडी मनोरा बांधला गेला. कोळसा घरोघर नेऊन देणाऱ्या माणसांच्या पायांनी डार्वेनचा डोंगर सगळ्यांसाठी सुटला, आणि त्यांच्यामुळे आज रविवारी तिथे कुत्रा घेऊन फिरणाऱ्याला कोणी हटकत नाही.

डार्वेनचा आणखी एक धागा आपल्यापर्यंत येतो. ब्लॅकबर्न आणि डार्वेनच्या मागांवर हिंदुस्थानासाठी धोतरं विणली जात. १९३० च्या बहिष्काराने ते माग थंडावले. सप्टेंबर १९३१ मध्ये गोलमेज परिषदेसाठी विलायतेत असताना गांधीजी लँकेशरला आले, डार्वेनच्या स्प्रिंग व्हेल वसाहतीत गेले आणि बेकार झालेल्या विणकरांशी बोलले. त्या भेटीची छायाचित्रं आपण शाळेच्या पुस्तकांपासून पाहत आलो आहोत. त्यांच्याभोवती हसत उभे असलेले ते कामगार ज्या गावचे, त्या गावाने पस्तीस वर्षांपूर्वी आपल्या डोंगराची वाट सोडवली होती.

मी माझ्या नोकरीतली एक केस सांगते. तिच्याशिवाय मला विंटर हिल कळला नसता. कर्जत-खालापूरच्या पट्ट्यात एका डोंगरउतारावर कातकऱ्यांच्या दळी जमिनी, वरी-नाचणीच्या. त्याच उतारावर पूर्वी कोळशाच्या भट्ट्या लागत. दिवाळी झाली की ठेकेदार उचल देऊन कुटुंबंच्या कुटुंबं भट्टीवर न्यायचा, पावसापर्यंत लाकूड तोडणं, रचणं, मातीने लिंपणं, आठवडाभर राखत जाळणं. कोळसा पोत्यांत भरून बाया खालच्या गाडीवाटेपर्यंत डोक्यावरून आणायच्या. त्या पोत्यांची एक वाट पडली. भट्ट्या बंद झाल्या, वाट राहिली. शेतावर जायला, रानभाजी आणायला, पोरांना शाळेत जायला. मग पायथ्याची जमीन विकली गेली आणि नव्या मालकाने तारेचं कुंपण घातलं.

त्याच्या वकिलांचा युक्तिवाद मार्च १८९७ चाच होता. ही वाट ठेकेदाराची होती, ठेका संपला, वाट संपली. अर्जदार म्हणून उभी राहिलेली म्हातारी फार बोलली नाही. स्थळपाहणीला मी गेले तेव्हा ती पुढे चालत होती. कुंपणाच्या आत, जिथे मालक म्हणत होता की वाट कधी नव्हतीच, तिथे ती बसली आणि हाताने गवत बाजूला करून माती उकरू लागली. वितभर खाली काळा चुरा निघाला. दोन पावलं डावीकडे उकरलं, तांबडी माती. उजवीकडे, तांबडी माती. मधल्या तेवढ्या पट्ट्यात कोळसा, पोत्यांतून सांडून सांडून मुरलेला. पंचांनी ते पाहिलं, मी मोजमापासह लिहून घेतलं. सहा महिन्यांच्या मुदतीत अर्ज आला होता, शेतीकडे जाणारा वहिवाटीचा रस्ता होता, अडथळा दूर करण्याचा हुकूम मी दिला. वर फेरतपासणीतही तो टिकला.

म्हणून विंटर हिलच्या चरात काळी खडी दिसली, तेव्हा मला ती म्हातारी आठवली. १८९७ च्या न्यायाधीशांनी ती वाट चालून पाहिली असती तर, असं मनात आल्याशिवाय राहत नाही.

इंग्लंडात पुढे कायदा बदलला, आणि तो बदल पार्टिंग्टनसारख्या हरलेल्या माणसांच्या खर्चावर झाला असं मी मानते. १९३२ च्या ‘राइट्स ऑफ वे’ कायद्याने ठरवलं की वीस वर्षं लोक विनाअडथळा, हक्काने चालत असतील तर वाट अर्पण झाली असं गृहीत धरायचं. नाही म्हणणाऱ्या मालकाने तसा पुरावा द्यायचा. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये मँचेस्टरजवळच्या किंडर स्काउटवर तरुण कामगारांनी सामूहिक घुसखोरी केली, पाच जण तुरुंगात गेले, आणि ती घटना जगप्रसिद्ध झाली. तिच्या आधी ३६ वर्षं, कितीतरी पट माणसं विंटर हिलवर गेली होती, आणि त्यांचं नाव बोल्टनबाहेर फारसं कोणी घेत नव्हतं. १९४९ च्या कायद्याने आणखी मोठं काम केलं. प्रत्येक काउंटीने आपल्या हद्दीतल्या सार्वजनिक पायवाटांचा नकाशा करायचा, आणि त्यावर आलेली वाट कायद्याने निर्विवाद. २००० च्या कायद्याने मोकळ्या मूरवर पायी फिरण्याचा हक्कच दिला.

महसूल खात्यातल्या माणसाला या नकाशाचं महत्त्व लगेच समजतं. इथल्या सरकारी सर्वेक्षण खात्याने लँकेशर १८४० च्या दशकात मैलाला सहा इंच या मापाने मोजला; वाट न् वाट, खाण न् खाण कागदावर आली. पण पुढे त्याच नकाशांवर एक ओळ छापली जाऊ लागली, की इथे वाट दाखवली म्हणजे वाटेचा हक्क आहे असं समजू नये. नकाशात वाट आहे, कायद्यात नाही. आपल्याकडे गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूरपासून मुंबई इलाख्याची मोजणी सुरू केली ती १८३० च्या दशकात, म्हणजे जवळपास त्याच काळात. आपल्या गाव नकाशावर गाडीमार्ग दुहेरी तुटक रेषेने आणि पायमार्ग एकेरी तुटक रेषेने दाखवतात. पायमार्गाची रुंदी सव्वाआठ फूट धरतात. मोजणीची साखळी ३३ फुटांची, तिचे आणे सोळा. म्हणजे पायमार्ग बरोबर चार आणे. गाडीमार्ग साडेसोळा फुटांपासून पुढे, म्हणजे आठ आण्यांपासून. ती एकेरी तुटक रेषा हा आपल्याकडचा मोठा ठेवा आहे, आणि फार थोडे लोक ती मागायला तालुक्याला जातात.

पण गाव नकाशा शेतीच्या जमिनीसाठी झाला. वर डोंगरात, जंगलाच्या हद्दीत शिरलं की रेषा संपतात. भट्टीच्या वाटा, हिरडा उतरवणाऱ्यांच्या वाटा, मिठाच्या बैलांच्या वाटा बहुतेक ठिकाणी कागदावर नाहीतच. पायथ्याच्या जमिनी झपाट्याने विकल्या जात आहेत, आणि प्रत्येक कुंपणागणिक एखाद्या वाटेचं तोंड बंद होतं.

विंटर हिलच्या वाटेला १९९६ मध्ये, मोर्चाच्या शताब्दीच्या वर्षी, सार्वजनिक वाट म्हणून अधिकृत मान्यता मिळाली. ज्या ठिकाणी फाटक मोडलं तिथे आता स्मृतिशिला आहे. २०१५ मध्ये स्मिथिल्सची १,७०० एकरांहून अधिक जमीन वुडलँड ट्रस्ट या संस्थेने घेतली. तिथे झाडं लावण्याचं आणि पीट पुन्हा ओला करण्याचं काम चालू आहे. त्याची निकड २०१८ च्या उन्हाळ्यात कळली. विंटर हिलला आग लागली, वाळलेला पीट आतून धुमसत राहिला आणि कित्येक आठवडे अग्निशमन दलाची माणसं तिथे झुंजत होती.

इथल्यासारखी पायवाटांची नोंदवही सह्याद्रीतल्या प्रत्येक तालुक्याला हवी, आणि ती साक्षीदार असेपर्यंतच करता येईल. भट्टीवर स्वतः पोती वाहिलेली माणसं आज सत्तरी-ऐंशीत आहेत. येत्या हिवाळ्यात मी परत गेले की कर्जतच्या त्या वाडीपासून सुरुवात करणार आहे. वाडीतल्या दोन शिकलेल्या मुलींनी मोबाइल घेऊन वाटा चालून नोंदवायचं कबूल केलं आहे. जबाब मी लिहून घेईन: नाव, वय, कोणत्या वर्षापासून, काय ओझं, आणि कधी कोणाची परवानगी मागितली होती का. प्रत्येक जबाबाखाली दोन पंचांच्या सह्या किंवा अंगठे घेईन, आणि एक प्रत ग्रामपंचायतीच्या दप्तरात राहील.